ओरखड्यांचा पंचनामा

परमेश्वराने माणसाला डोळे दिले ते सृष्टी बघण्यासाठी, असं सगळे म्हणतात. माझ्या साडूंना मात्र ते केवळ ओरखडे शोधण्यासाठी दिले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोरच्या कचेरीत ते कागदपत्रांच्या नकला करणारे कारकून होते आणि मी तिथल्याच पोस्टात खिडकीवर. त्यांच्या घरी गेलं की ते आपल्याला "या, बसा" म्हणत, पण नजर आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर असायची. "कधी आपटलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि बायकामुलांची खुशाली त्यानंतर. एकदा त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही सगळे नसरापूरला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीने खाली मान घालून सगळ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. परतताना एस.टी.त साडूंना विचारलं, "मग, कशी वाटली?" साडू म्हणाले, "मुलगी मी नीटशी पाहिली नाही. पण त्यांच्या फडताळातल्या रेडिओची मूठ तुटलीय आणि कुणीतरी ती विजेच्या तारेनं बांधलीय हो!" चार दिवस त्यांना झोप लागली नाही. पाचव्या दिवशी कुणाला न सांगता ते दुसरी मूठ घेऊन नसरापूरला गेले, ती बसवली आणि चहा न घेता परत आले. मुलीच्या बापाने याचा अर्थ एकच घेतला आणि दुसऱ्या दिवशी याद्या करायला माणसं घेऊन तो भोरला हजर झाला. लग्न झालं, संसार उत्तम चालला, पण जमवलं कुणी म्हणाल तर त्या मुठीने.

तो काळ हातात धरायच्या रेडिओंचा होता. मोठे, लाकडी पेटीतले रेडिओ आधीपासून दोनचार सुखवस्तू घरांत होते, पण ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ माणसाच्या खांद्यावर बसून शेतावर, बाजाराला, हागणदारीलासुद्धा जाऊ लागला. अशा फिरस्त्या रेडिओची काय दशा होत असेल ते सांगायला नको. चुलीच्या धुराने काळवंडलेले, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून एकत्र ठेवलेले, कव्हराचं चामडं खारकेसारखं सुकलेले रेडिओ साडूंच्या ओसरीवर येत आणि पंधरा दिवसांनी असे परत जात की मालकाने ओळखू नये. आता कुणाला वाटेल, साडू रेडिओ दुरुस्त करत. छे! रेडिओच्या आत काय असतं हे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. न वाजणारा रेडिओ कुणी आणला तर ते त्याला बाजारपेठेतल्या मेकॅनिककडे पाठवत. "तो डॉक्टर, मी न्हावी," असं ते स्वच्छ सांगत. "दाढीला आलेल्या माणसाला न्हावी पोटाचं विचारतो का?" एकदा तर महिनाभर खपून त्यांनी एक रेडिओ आरशासारखा केला आणि तो मुळात वाजतच नव्हता, हे मालकाने सांगितल्यावर कळलं. "आवाज हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे," साडू शांतपणे म्हणाले.

त्यांची सामग्री घरातलीच असे. काचेवरचे ओरखडे घालवायला आधी शून्य नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, मग खोबरेलात कालवलेली दंतमंजनाची पांढरी पूड. लाकडाला लाखेचं पॉलिश, आकडे पुसट झाले असतील तर काजळ, आणि जाळीवरचं कापड धुवायला रिठ्याचं पाणी. सुकलेलं चामडं मऊ व्हावं म्हणून कव्हरांना एरंडेल चोळून ती ओळीने ओसरीवर टांगलेली असत, आणि नव्या पाहुण्याला वाटे की या घरात सगळ्यांची पोटं बिघडलेली दिसतात. ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, ह्या सगळ्याला इतक्या सरावल्या होत्या की दसऱ्याच्या आधी घरची पितळी भांडीही त्या साडूंच्या ओळीत ठेवून देत. खंडेनवमीला साडू आपल्या चिंध्या आणि डब्या पाटावर मांडून त्यांची पूजा करत. शेजारी त्या वेळी कामाला असलेला रेडिओही असे, पण त्याला हळदकुंकू लावायची सक्त मनाई. ताईंनी फार हट्ट धरला म्हणून विड्याच्या पानावर कुंकू ठेवून ते पान रेडिओपासून वीतभर अंतरावर ठेवायची तडजोड झाली होती.

हा माणूस प्रवासात तरी गप्प बसेल की नाही? एकदा आम्ही दोघे पुण्याला निघालो होतो. कापूरहोळला एक शेतकरी गाडीत चढला. मांडीवर ट्रान्झिस्टर, आणि त्यावर बोटभर मळ. साडूंनी दोन मिनिटं कळ काढली असेल. मग खिशातून रुमाल निघाला, डबी निघाली, आणि "जरा बघू" म्हणून त्यांनी परक्या माणसाचा रेडिओ स्वतःच्या मांडीवर घेतला. त्या गृहस्थाला उतरायचं होतं पुढच्याच कामथडीला. कामथडी आली, कंडक्टरने घंटी मारली, शेतकरी उठला, पण रेडिओ काही हाती येईना. "अहो, अर्धीच बाजू झालीय!" साडू कळवळून म्हणाले. तो बिचारा परत बसला आणि थेट खेड शिवापूरला उतरला. खिडकीतून मी मागे वळून पाहिलं. तो भर रस्त्यात उभा राहून रेडिओ उन्हात धरून बघत होता आणि हसत होता, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

पण साडूंची खरी तऱ्हा म्हणजे त्यांची वही. कचेरीत आयुष्यभर नकला केल्याने त्यांना नोंदीशिवाय हातात काही घेता येत नसे. रेडिओ आला की पहिला दिवस त्याला हात लावायचा नाही, नुसता पंचनामा करायचा. मोत्यासारख्या अक्षरात, कचेरीच्या भाषेत, एकेका जखमेची नोंद: 'उजव्या कुशीस पोचा, एक. मागील झाकणास तडा, एक, तिरपा.' जखम बरी झाली की तिच्यापुढे लाल शाईने 'काढला' असं लिहायचं. आता या जखमा मोजायच्या कशाने? कचेरीतली पट्टी सरकारी, ती घरी आणणं साडूंच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि घरची पट्टी विकत आणण्याचं कधी सुचलं नाही. म्हणून ते तांदळाने मोजत. तोही आंबेमोहर, कारण त्याचा दाणा बुटका आणि सारखा. 'मुठीपासून डावीकडे पाच तांदूळ' वगैरे. ताई भाताचं आधण ठेवून डब्याकडे वळल्या की डबा ओसरीवर गेलेला असे. मी या वहीची फार थट्टा केली आहे. "साडूबुवा, रेडिओ निवडून घेताय का?" असं विचारायचो. ते मान वर न करता म्हणत, "पोस्ट, तुम्ही तिकिटं चिकटवा." मला ते 'पोस्ट' म्हणत.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तिच्यात पहिली चूक माझी आहे, ती आधीच कबूल केलेली बरी. त्या दिवसांत रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि दर वर्षी पोस्टात येऊन पुस्तकावर त्याचं तिकीट लावून न्यावं लागे. एकाहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर पालीच्या एक मावशी माझ्या खिडकीशी आल्या. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याची. मार्गासनीपर्यंत चालत आणि पुढे एस.टी.ने, असा प्रवास करून त्या आल्या होत्या. लेक भोरला दिली होती, तेव्हा लेकीला भेटणं आणि परवाना, अशी दोन्ही कामं. त्यांनी काखेतलं गाठोडं सोडून माझ्यासमोर ठेवलं. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला अख्खा रेडिओ.

"मावशी, रेडिओ कशाला आणलात एवढ्या लांब? पुस्तक पुरतं की."

"आन सरकारनं म्हणलं, रेडिव कुठं हाय, तर?" मावशी म्हणाल्या. "बैलाला लस टोचायची तरी बैल न्यावा लागतोच न्हवं?"

सरकारच्या वतीने मी रेडिओ उलटसुलट करून पाहिला. चुलीशेजारच्या फळीवर राहून तो तव्यासारखा झाला होता. काचेवर ओरखडे, कव्हराचे टाके उसवलेले. माझ्यातला परोपकारी गृहस्थ जागा झाला. "मावशी, माझे साडू आहेत, असा लखलखीत करून देतील बघा. ठेवून जा." मावशींच्या मनात नव्हतं. "वाजतोय की चांगला," असं त्या दोनदा म्हणाल्या. "धुरानं काळं व्हायचंच. आमी तरी काय गोरं ऱ्हायलोय?" पण मी सोडतो कसला! दुसऱ्याने राबायचं होतं आणि पुण्य मला लागणार होतं, म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. शेवटी सरकारी खिडकीतल्या माणसाचं मन कसं मोडायचं, म्हणून त्यांनी रेडिओ ठेवला.

साडूंना तो रेडिओ म्हणजे मेजवानी वाटली. तीन आठवडे त्यांनी त्यावर घालवले. दिवाळीला मावशी लेकीकडे आल्या तेव्हा मी त्यांना साडूंच्या ओसरीवर नेलं. साडूंनी तो स्वतः उपरण्यात झाकून बाहेर आणला आणि जादूगाराच्या थाटात उपरणं काढलं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. "ह्यो माझाच का?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही सगळे मोठमोठ्याने हसलो. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला वाटलं गुळगुळीतपणाचं कौतुक चाललंय. मग त्यांनी हात जोडले, रेडिओ गुंडाळला आणि गेल्या. साडू आठवडाभर त्या तीनदा फिरलेल्या अंगठ्याबद्दल बोलत होते.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. पोस्टात पाय ठेवायला जागा नसे. ज्यांची पोरं फौजेत होती ती माणसं टपाल फुटायच्या आधीपासून दाराशी बसून असत. आमच्या भोर-वेल्ह्याकडून फौजेत गेलेले काही कमी नव्हते. अशात एका दुपारी मावशी पुन्हा खिडकीशी आल्या. गाठोडं काखेतच.

"मास्तर, तुमच्या पावण्यानं माझी खूण पुसली," त्या म्हणाल्या.

त्यांचा एकुलता मुलगा फौजेत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रेडिओ त्यानेच आणलेला. आदल्या वर्षी रजेवर आला तेव्हा त्याने खिळ्याने काचेवर एक रेघ मारून दिली होती. मावशींना वाचता येत नव्हतं आणि डोळ्यांनीही त्या अधू झाल्या होत्या. "आये, काटा ह्या रेघेवर आण, की पुण्याच्या बातम्या मराठीतनं लागत्यात. दिसंना तर नखानं चाचप," असं त्याने सांगितलं होतं. त्या रेघेवर मावशींचं वर्ष निघालं होतं. आता संध्याकाळी अख्खी आळी त्यांच्या अंगणात जमे, जो तो आपल्या मताने कान पिळी, आणि माणसं पांगली की काटा कुठल्या कुठे गेलेला असे. सकाळी मावशी एकट्या. काचेवर नख फिरवत, तर सगळं गुळगुळीत.

"काल सकाळी कुणीतरी लढाईचं सांगत व्हता," मावशी म्हणाल्या. "भाषा कळंना. मग म्या तसंच ऐकत बसली, मधीच माझ्या लेकाचं नाव येतंय का म्हणून."

मी शेजारच्याला खिडकी सांभाळायला सांगितली आणि मावशींना घेऊन तडक साडूंच्या घरी गेलो. मधल्या सुट्टीत साडू जेवायला आले होते. पानावरूनच त्यांनी रेडिओ पाहिला आणि चेहरा खुलला. लगेच नजर बारीक करून म्हणाले, "कुठं आपटला?"

"आपटला न्हाई, भाऊ," मावशी म्हणाल्या. "एक वरखाडा व्हता, त्यो न्हाई ऱ्हायला."

मी सगळं सांगितलं. साडूंनी समोरचा भात तसाच ठेवून हात धुतले. वही आली. पानं उलटून साडूंनी मावशींच्या रेडिओचं पान काढलं आणि कचेरीत वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागले, पण आवाज दुसऱ्या ओळीतच खाली गेला. "'काचेवर उभा ओरखडा, एक. चौथ्या आकड्यापासून उजवीकडे तीन तांदूळ. लांबी दोन तांदूळ. खोल. खालचे टोक किंचित डावीकडे वळलेले.'" पुढे लाल शाईत 'काढला' होतं, ते त्यांनी वाचलं नाही. "फार खोल होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तीन दिवस लागले मला."

ताईंनी न मागता तांदळाचा डबा आणून ठेवला. साडूंनी काचेवर तीन दाणे एकापुढे एक मांडले आणि काटा शेवटच्या दाण्याच्या टोकाशी आणून रेडिओ लावला. थोडी खरखर झाली आणि स्वच्छ मराठीत दुपारच्या बातम्या ऐकू येऊ लागल्या. मावशी डोळे मिटून बसल्या. कुठल्या आघाडीवर काय झालं ते सगळं सांगून झालं, मावशींच्या लेकाचं नाव अर्थातच त्यात नव्हतं, आणि ते नव्हतं याचंच त्यांना बरं वाटलं असावं. कचेरीची वेळ केव्हाच झाली होती. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते पेटीतून एक खिळा घेऊन आले.

मी त्या माणसाला हजार वेळा काम करताना पाहिलं आहे. काजळाने दाण्याएवढा आकडा भरताना त्यांचा हात कधी हलला नाही. त्या दुपारी मात्र खिळा काचेशी नेऊन त्यांनी दोनदा मागे घेतला. "पोस्ट, मला जमायचं नाही. तुम्ही करा," ते म्हणाले. मी म्हटलं, मी केला तर काचच फुटेल. तेव्हा मावशीच म्हणाल्या, "करा की, भाऊ. कुणाचा जीव जातोय का? रेडिव माझाच हाय." मग साडूंनी श्वास रोखून एक रेघ ओढली. इतकी सरळ, इतकी नाजूक, की कागदावर शाईने काढावी. त्यांनी रेडिओ मावशींच्या हातात दिला. मावशींनी अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं.

"जागा हीच," त्या म्हणाल्या. "पर रेघ ही न्हवं. ही लई शहाणी हाय. त्येची वाकडी व्हती."

साडूंनी पुन्हा वही पाहिली. किंचित डावीकडे! पण किंचित म्हणजे किती? सगळं तांदळाने मोजणाऱ्या या माणसाने नेमकं तेवढंच अंदाजाने लिहून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. कचेरीत तीस वर्षांत त्यांच्या नकलेत कानामात्रेची चूक निघाली नव्हती. मावशींनी फार वेळ वाट पाहिली नाही. त्या सरकून जवळ बसल्या, साडूंच्या खिळा धरलेल्या हातावर आपला हात ठेवला आणि रेघेच्या खालच्या टोकाशी तो डावीकडे ओढला. काच करकरली. साडूंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. मावशींनी पुन्हा नख फिरवलं, वरून खाली, आणि टोकाशी ते वळणात जाऊन थांबलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता घावली."

त्या गेल्यावर साडूंनी वहीत 'काढला'च्या पुढे काळ्या शाईने लिहिलं: 'पुन्हा पाडला. अस्सल बरहुकूम.' आणि मुळाशी ताडून पाहिलेल्या नकलेखाली कचेरीत करत तशी सही केली. त्या दिवशी ते जन्मात पहिल्यांदा कचेरीत उशिरा पोचले. हेडक्लार्कने कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, की रेडिओवर ओरखडा पाडत होतो. हे ऐकून कचेरी दोन दिवस हसत होती. लढाई थोड्याच दिवसांत संपली, पण साडू रोज कचेरी सुटल्यावर पोस्टात येऊन विचारत, "पालीचं काही?" पालीचं टपाल आमच्याकडे येत नसे, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी मी रोज गठ्ठ्यात बघितल्यासारखं करून "आज नाही" म्हणायचो.

शिमग्याच्या सुमाराला एक उंच, उन्हाने रापलेला जवान जरा लंगडत माझ्या खिडकीशी आला. खांद्यावर कव्हरातला रेडिओ. मी कव्हर ओळखलं. "आई म्हणली, भोरला बहिणीकडं जातोयस तर पोस्टातल्या मास्तरांना आन त्यांच्या पावण्यांना तोंड दाखवून ये." मी खिडकी बंद करून त्याला साडूंच्या घरी नेलं, असं आज सांगायला हरकत नाही. साडूंनी त्याला पाटावर बसवलं, ताईंनी पुरणपोळी वाढली, आणि साडू न राहवून हळूच म्हणाले, "बघू रेडिओ." काचेवर बोट ठेवून विचारलं, "ही रेघ कसली?"

"ती व्हय? म्याच मारली खिळ्यानं. आईला दिसत न्हाई न्हवं," तो पोळी खात म्हणाला. "जरा वाकडीच गेली, पर चालतंय."

मावशींनी लेकाला काहीच सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच साडूंनी पाटाआडून माझा पाय असा दाबला की दोन दिवस अंगठा ठणकत होता. पुढे कितीतरी वेळा कुणी त्यांच्या हाताचं कौतुक केलं की साडू माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करत. त्यांच्या सगळ्यात चांगल्या कामाची माहिती आम्हा चौघांनाच होती, आणि त्यातल्या एक मावशी पालीला होत्या.

तेव्हापासून साडूंच्या पंचनाम्यात एक रकाना वाढला. जखमांची नोंद झाली की वही मालकासमोर धरून ते विचारत, "यातलं काय ठेवायचं?" लोकांना आधी वाटलं, म्हातारपणी काही तरी झालं. मग लोक उत्तरं द्यायला लागले. कुणी म्हणे, त्या कोपऱ्याला नातीचे दात लागलेत, ते असू द्या. कामथडीच्या एकाने तर बायकोने रागात फेकून मारला तेव्हाचा पोचा ठेवायला सांगितला, कारण त्यानंतर तिने आजतागायत काही फेकलं नव्हतं. साडू सगळं रकान्यात लिहून घेत: 'मालक म्हणाले, ठेवा.' त्यामुळे त्यांच्या हातून पुढे गेलेला प्रत्येक रेडिओ लखलखीत असे आणि त्यावर कुठे तरी एक डाग असे.

धाकट्या भावाच्या लग्नाच्या आधी मी आमचा रेडिओ त्यांच्याकडे टाकला. पाहुणे येणार, घर नीटनेटकं दिसायला हवं. साडूंनी वही पुढे धरली. मी घाईत होतो. म्हटलं, "काही ठेवू नका, सगळं साफ करा." "वरचा विडीचा डाग?" त्यांनी विचारलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बातम्या ऐकताना जळती विडी रेडिओवरच टेकवून ठेवत, त्याचा तो डाग. म्हटलं, "तो तर आधी काढा." साडूंनी पुन्हा विचारलं, "नक्की?" माझ्याबरोबर येऊन ओट्यावर बसलेले अण्णा हसून म्हणाले, "काढा, काढा. मी दुसरा पाडीन." आम्ही सगळे हसलो. अण्णांच्या विड्यांचे डाग घरभर होते. पाटावर, खुर्चीच्या हातावर, धोतरावर. त्यातला एक गेला तर कोण रडणार होतं? रेडिओ इतका सुरेख होऊन आला की आम्ही त्याला कशिद्याचं झाकण घातलं आणि उंच फळीवर ठेवला. अण्णांना आम्ही त्याच्या जवळ विडी नेऊ दिली नाही. दुसरा डाग काही त्यांना पाडता आला नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

साडूही नंतर फार वर्षं राहिले नाहीत. चिंध्या आणि डब्या ताईंनी कुणाकुणाला देऊन टाकल्या. वही मला दिली. म्हणाल्या, "तुम्हीच हिची सगळ्यात जास्त थट्टा केलीत, तेव्हा ही तुमचीच." बरेच दिवस मी ती उघडली नाही. एका सकाळी उघडली तेव्हा आमचं पान लगेच सापडलं. 'वरच्या अंगास विडीचा डाग, एक. मुठीपासून डावीकडे चार तांदूळ. लांबी एक तांदूळ, लांबट, मध्ये काळा, कडेला तपकिरी. मालकांचे वडील विडी येथे टेकवतात.' या वेळी त्यांनी किंचित वगैरे काही लिहिलं नव्हतं. वाचून कुणालाही तो डाग तस्साच पाडता आला असता. पण पाडणार कोण? पुढे लाल शाईत 'काढला', आणि शेवटच्या रकान्यात: 'मालक म्हणाले, नको. दोनदा विचारले.'

मी स्वयंपाकघरातून चिमूटभर आंबेमोहर आणला. रेडिओ खाली उतरवला, झाकण काढलं आणि मुठीपासून डावीकडे चार दाणे मांडले. ही दारातून म्हणाली, "रेडिओवर तांदूळ कशाला ठेवताय?" चौथ्या दाण्याच्या पुढे अंगठ्याचं नख ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नख कुठेच अडकलं नाही.